बांड्याचे दोन सोमवार

सोळा ऑगस्ट १९८२. लातूर जिल्हा झाला त्या सकाळी गल्लीतल्या पोरांना मिरवणुकीसाठी बैलगाडी हवी होती. गाडीवाल्या सिद्रामप्पांनी पेढा घेतला, खाल्ला आणि गाडी दिली नाही. सोमवार होता.

०

करडईचं तेल कोमट करायचं. उकळू द्यायचं नाही. हळद घालायची. खांद्यावरचे केस ज्या बाजूला झुकतात त्याच बाजूनं हात फिरवायचा. बैलानं मान खाली सोडली की समजायचं, पोचलं.

०

"आपल्याला काय, हफ्त्यात दोन जुम्मे," सिद्रामप्पांचा गाडीवान खाजामियाँ गंजगोलाईच्या बाजारात चहा पिताना सांगायचा. "एक अल्लामियाँचा, एक मालकाचा."

०

नव्या कचेरीच्या व्हरांड्यात एक रांजण होता. त्यावर तेलरंगात लिहिलेलं: पिण्याचे पाणी. आत कुणीतरी छत्री ठेवली होती.

०

निलंग्याहून लातूरला येणारी एसटी. मांडीवर हिरव्या मक्याची पेंढी धरून बसलेला म्हातारा, शेजारी त्याची बायको.

"अप्पा, हिचं तिकीट काढायचं का?" कंडक्टर पेंढीकडं बोट दाखवून म्हणाला.

"अर्धं काढ. लहान हाय."

०

गुरम्मा सिद्रामप्पांशी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच सोमवारी तिनं सासूला विचारलं होतं, "बैलाला सुट्टी हाय, मग जात्याला का न्हाई?" सासू तिच्याकडं बघत राहिली. तेव्हापासून या घरात सोमवारची भाकरी रविवारी होते.

०

"गाडी काढा!"

ईश्वरप्पा

सिद्रामप्पांचा धाकटा शिवलिंग सायकलवरून उतरला तोच ओरडत. कचेरीत जायचा पांढरा इस्त्रीचा शर्ट, पाठीला घामानं चिकटलेला. जिल्हा झाल्यानंतरचा वैशाख होता, सकाळीच पत्रा तापला होता. त्याचा थोरला भाऊ ईश्वरप्पा गोठ्यात बांड्या बैलाच्या खांद्याला तेल लावत उभा होता.

"दादा, बैल सोड. पाण्याची टाकी भरून गाडी काढायची."

"आज? सोमवारी?"

"दानम्माचं मूल आडवं हाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, पोट कापावं लागतंय. आन दवाखान्याची टाकी कोरडी. गुरुवारशिवाय नळाला पाणी न्हाई."

दानम्मा त्यांची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. काल दुपारपासून ती दवाखान्यात होती. ईश्वरप्पाची बायको गौरम्मा तिच्याजवळ बसून होती. नवरा-बायको दोघं त्यासाठीच मुरुडच्या शेतावरून शनिवारी आले होते.

"दुसरीकडं न्यायचं?"

"सोलापूरला. बाई म्हणाल्या, न्या. आन मग माझ्याकडं बघितलंच न्हाई त्यांनी."

"जलीलचा ट्रक?"

"नांदेडला गेलाय, कडब्याला. उद्या येतोय. सगळीकडं विचारून आलो, दादा. सगळ्या तालुक्यात—"

"जिल्ह्यात म्हण."

ईश्वरप्पाची जीभ सवयीनं बोलून गेली. शिवलिंग नव्या कचेरीत कारकून झाल्यापासून, नव्या कॉलनीत खोली घेऊन राहायला लागल्यापासून, भावाभावांत हा टोमणा चालत आला होता. ईश्वरप्पानं तेलाची वाटी खाली ठेवली. आज तो टोमणा तेलकट हातासारखा झाला, कुठं पुसावा कळेना.

"खाजा!" शिवलिंगनं हाक मारली. "टाकी भरायला घे. विहिरीत रातचं पाणी आलं असंल."

गाडीवान खाजामियाँ रहाटाकडं गेला. रहाट करकरायला लागला.

"खाजा," ईश्वरप्पानं मघाशीच त्याला विचारलं होतं, "बांड्याचा खांदा एवढा सुजून का आला रे?" खाजामियाँला त्या क्षणी अचानक शेण भरायचं आठवलं होतं.

गुरम्मा

देवघराच्या उंबऱ्यावर ती उभी राहिली. आत सिद्रामप्पांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं. पूजा चालू असताना ते बोलत नसत, वळत नसत. त्यांची भस्म लावलेली पाठच तिच्यासमोर होती.

"अवं, ऐकलंच असंल तुम्ही."

पाठ हलली नाही.

"तुम्ही न्हाई म्हणायच्या आधी माझं ऐका. सोमवार मी तुमच्यापेक्षा जास्त पाळलाय. तुम्ही बैलाचा पाळला, मी जात्याचा. बहात्तर साली खडी फोडायला जात होते, मुकादम म्हणला सोमवारी पण या. गेले का मी? उपाशी निजले, पण गेले न्हाई. पण आज मी बैल सोडणार हाय. माझ्या हातानं सोडणार हाय. तुम्ही आडवे आलात तर—"

त्या 'तर'च्या पुढं तिच्याकडं काही नव्हतं. एवढ्या वर्षांत त्या शब्दाच्या पुढं जायची वेळच आली नव्हती.

मागून शिवलिंग आला. "अप्पा, मी तेच सांगायलोय. जग कुठं चाललंय आन आपण—"

"तू गप. भाषण कचेरीत दे."

"अव्वा, मी तुझ्याच बाजूनं बोलतोय!"

"मला तुझी बाजू नको. मला गाडी पायजे."

ईश्वरप्पा तेलकट हात धोतराला पुसत आला. "अव्वा, बांड्याचा खांदा लई सुजलाय. आज जू ठेवलं तर—"

गुरम्मा गर्रकन वळली. "तू कुणाच्या बाजूनं?"

"खांद्याच्या."

"तुझी बहीण हाय ती!"

"म्हणून तर. बैल मधेच बसला तर पाणी रस्त्यात राहील. सायकलीवर घागरी नेऊ, मी चार खेपा मारतो."

"घागरीनं काय होतंय, दादा?" शिवलिंग म्हणाला. "भांडी उकळायची, कपडे उकळायचे, फरशी धुवायची. बाईंनी टाकी सांगितलीय, टाकी! ह्यांचं तर नेहमीचंच. खांदा, शिंग, खूर. माणूस शेवटी."

"माणूस शेवटी कोण म्हणलं रे?"

"मग काय चाललंय आपलं इथं?"

आवाज चढले. शेजारच्या छपरावर कुणीतरी वाळवण घालायचं थांबलं. गुरम्माला एकदम जाणवलं की तिघंही एका पाठीशी भांडत आहेत आणि ती पाठ अजून एक शब्द बोललेली नाही.

सिद्रामप्पांनी इष्टलिंग वस्त्रात गुंडाळलं, गळ्यातल्या करंड्यात ठेवलं. पूजा अर्धीच राहिली होती. पुढ्यातली फुलं तशीच होती. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून.

"जुपा," ते म्हणाले.

शिवलिंगनं वाटेत सायकलवर जुळवलेलं सगळं बोलणं तोंडातच राहिलं. गुरम्मानं पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला. रडायला वेळ नव्हता.

खाजामियाँ

रहाटावरून त्यानं ऐकलं. 'जुपा.' त्याच्या हातातला दोर थांबला.

मालक न्हाई म्हणतील, असं त्याला वाटलं होतं. मालक न्हाई म्हणाले असते तर सगळं झाकून राहिलं असतं.

जोडीतला लाल्या आधी आला. माळेगावच्या जत्रेतून आणलेला लाल कंधारी, अंगानं बारका, स्वभावानं भांडखोर. जोखडाखाली स्वतःहून मान घालणारा. बांड्या देवणी, पांढऱ्यावर काळे ठिपके. जोडी रंगानं कधी जमली नाही, पण चालीनं जमली होती. ईश्वरप्पानं बांड्याला दाव्यानं आणलं. तो आला. गाडीपर्यंत आला.

खाजामियाँनं जू उचललं आणि त्याच्या मानेवर टेकवलं, हलकेच, झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण टाकावं तसं.

बांड्यानं पुढचे गुडघे मोडले. मग मागचे. पडला नाही, बसला. रवंथ करायला बसतात तसा. मान लांब करून त्यानं मातीवर ठेवली.

"उठ! उठ रे!" शिवलिंगनं शेपटी धरली आणि पिळली. "नाटक करतंय जनावर!"

"हात काढ," सिद्रामप्पा म्हणाले.

"अप्पा, तिकडं दानम्मा—"

"हात काढ."

ते बैलाजवळ बसले. हळद बोटानं बाजूला केली. खाली कातडी नव्हती. लाल, ओली जागा होती, माशी बसायला बघत होती. लाल्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, तोही गरम लागत होता. बराच वेळ ते दोन्ही हात तिथंच राहिले.

"हे एका आठवड्याचं न्हाई," ते म्हणाले. आणि मुलांकडं न बघता त्यांनी खाजामियाँकडं बघितलं. "खाजा."

"जी, मालक."

"आम्ही दोघं निलंग्याला होतो. अक्का आजारी होती म्हणून दोन सोमवार तिकडंच गेले. ईश्वर मुरुडला. इथं गाडी सुटली होती का सोमवारी?"

खाजामियाँ या घरात खोटं कधी बोलला नव्हता. आजवर त्याला असं कुणी विचारलंच नव्हतं.

"सुटली होती."

"दोन्ही?"

"दोन्ही सोमवार. मी हाकली, मालक."

कुणाच्या सांगण्यावरून हे त्यानं सांगितलं नाही. गोठ्यात गरम वारा शिरला, पत्रा कडकडला. शिवलिंगनं शर्टाची वरची गुंडी काढली, परत लावली.

"मी सांगितलं होतं त्याला," तो म्हणाला.

गुरम्मानं त्याच्याकडं बघितलं. आत्तापर्यंत ती त्याच्याकडं बघत नव्हती, त्याच्या बोलण्याकडं बघत होती.

"कॉलनीत नेली गाडी. सगळे परगावचे लोक तिथं. ना विहीर ना ओळख. बायका घागरी घेऊन उन्हात उभ्या. पाणी पाजणं वाईट हाय का, अप्पा? सोमवारी पाजलं तर देव चिडतो?"

"न्हाई चिडत." सिद्रामप्पांचा आवाज शांत होता, त्यामुळे अंगणात कुणी हललं नाही. "मंगळवारी का न्हाई नेलंस?"

"मंगळवारी गाडी दवाखान्याला असते. मंगळवारी दुसऱ्या पण गाड्या येतात तिकडं. सोमवारी..." शिवलिंग अडखळला. मग त्यानं सांगून टाकलं. "सोमवारी कुणीच येत न्हाई, सगळे पाळतात. म्हणून माझं नाव झालं. शिवलिंगराव म्हणतात तिथं मला."

"हां."

"बोला की अप्पा. शिव्या घाला."

"शिव्यांनी बैल उठंल का?" सिद्रामप्पा उठले. "सोमवार शिल्लक असता तर आज मोडला असता मी. पोरीसाठी मोडलाच होता की, तुझ्यासमोर. पण तो शिल्लकच न्हाई. तू आधीच वापरून टाकलास."

जू

"बोलणं पुरे," गुरम्मा म्हणाली. "गाडी कशी जाणार?"

मग ईश्वरप्पानं जू उचललं, बांड्याला उठवलं, दोघा बैलांना गोठ्यात नेऊन बांधलं, परत आला आणि जोखडाच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला. लाल्याच्या जागी.

"शर्ट काढ," तो शिवलिंगला म्हणाला.

"काय?"

"इस्त्री मोडंल. काढ."

"दादा, भर रस्त्यातनं? कॉलनी मधे लागते. कचेरीतले लोक—"

"मग काय, मी एकट्यानं ओढू? गाडी गोल फिरंल. घाण्याला पाठवतोस का दवाखान्याला?"

शिवलिंगनं आईकडं बघितलं. आईनं हात पुढं केला, शर्टासाठी.

"टाकी अर्धीच ठेवा," सिद्रामप्पा म्हणाले. "भरली तर चढ चढणार न्हाई."

खाजामियाँ पुढं आला. "छोटे मालक, सरका. मी धरतो. माझा दिवस शुक्रवार हाय, आज मला चालतंय."

"न्हाई," सिद्रामप्पा म्हणाले. "तुझे पण दोन सोमवार गेलेत, खाजा. तू बैलाजवळ बस."

"बसतो, मालक. आल्यावर बसतो." त्यानं मागून एका चाकाला हात लावला. "दानम्माला मी ह्याच गाडीत बसवून शाळेत सोडलंय. आता तुम्ही मला घरी बसवता?"

दुसऱ्या चाकाला सिद्रामप्पा स्वतः लागले.

गाडी हलली.

न बोललेलं

गाडीमागं चालताना सिद्रामप्पांच्या मनात जे होतं ते त्यांनी आयुष्यात कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायला गेलं की फार लहान वाटायचं.

सहा दिवस बैल आपला असतो. त्याचा खांदा आपला, त्याची चाल आपली, शेणसुद्धा आपलं. सोमवारी तो नुसता बैल असतो. कुणाचा नाही. सोमवारी गोठ्यात गेलं की वाटायचं, आपण पाहुणे आलोय. खाजा सोमवारी बाजेवर उताणा झोपायचा, तेव्हा तोही गाडीवान नसायचा. गुरम्मा भिंतीला टेकून बसायची. एकदा त्यांनी तिला सोमवारी दुपारी विचारलं होतं, काय करायलीस? ती म्हणाली होती, मी हाय.

लोक म्हणायचे, सुट्टी दिली की बैल दमत नाही, जास्त ओढतो, म्हणून ठेवला असेल म्हाताऱ्यानं नियम. जास्त ओढावं म्हणून ठेवला असता तर तोही दिवस कामाचाच झाला असता.

आता ते बैलांच्या मागं चालावं तसे मुलांच्या मागं चालले होते. दोन उघड्या पाठी. थोरल्याची रापलेली, धाकट्याची सावलीत राहून पांढरी पडलेली. लेकीचं काय होईल ते त्यांच्या हातात नव्हतं. चाक तेवढं हातात होतं.

शिवलिंग

जू छातीला लागत होतं. हातानं ओढलं की गाडी येत नव्हती, छाती टेकवून पुढं पडावं लागत होतं, पडता पडता पाऊल टाकावं लागत होतं. टाकीतलं पाणी मागं-पुढं व्हायचं आणि प्रत्येक हेलकाव्याला गाडी त्याला मागं खेचायची.

गंजगोलाईतून निघताना एक हमाल ओरडला, "काय शिवलिंग, यंदा पोळा लवकर आला?"

"मान वर ठेव," ईश्वरप्पा दम टाकत म्हणाला. "झूल राहिली तुझी घालायची."

"दादा, गप."

"मी बोललो न्हाई तर तू बसशील."

नव्या रस्त्याला चढ होता. हा रस्ता झाला तेव्हा शिवलिंगनंच घरी येऊन सांगितलं होतं की, किती रुंद, किती सरळ. चढ आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले तर दानम्मा दिसायची, पलंगाची कड धरलेली, त्याला म्हणालेली, "दादा, लवकर ये बरं का." तो उघडे ठेवून चालला.

कॉलनीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. गाडी दिसताच घागरींचा आवाज झाला.

"आलं! सोमवारचं पाणी आलं!"

त्या धावल्या. पहिल्या घरातल्या सरजाबाईंनी टाकीच्या तोटीखाली घागर लावलीसुद्धा. पुढं कोण आहे ते त्यांनी बघितलं नव्हतं. तोटी फिरली. पाण्याची धार सुटली.

"बंद करा!" गुरम्मा किंचाळली. गाडीबरोबर ती चालतच आली होती.

"का बंद करा? दोन सोमवार दिलंत, सवय लावलीत. आम्ही काय—" सरजाबाई पुढं आल्या आणि थांबल्या. जोखडात उघडा शिवलिंगराव उभा होता. छातीवर लाल पट्टा उमटलेला, तोंडाला फेस यायचा बाकी.

"दवाखान्याचं पाणी हाय, सरजाबाई," तो म्हणाला. "बहिणीला आत घेतलंय. मूल आडवं हाय."

सरजाबाईंनी वळून स्वतः तोटी बंद केली. घागरीत आलेलं पाणी त्यांनी परत टाकीत ओतलं. मग त्यांनी घागर खाली ठेवली आणि सिद्रामप्पांच्या शेजारी चाकाला हात लावला. आणखी दोघी आल्या.

"पण बैल कुठायत तुमचे?" सरजाबाईंनी विचारलं.

"आज सोमवार हाय त्यांचा," शिवलिंग म्हणाला.

"मागच्या सोमवारी नव्हता?"

शिवलिंगनं दम घेतला. शेजारी ईश्वरप्पा त्याच्याकडं बघत नव्हता, समोर चढाकडं बघत होता. मागं चाकाजवळ अप्पा होते. तिथंही ऐकू जाणार होतं.

"होता," तो म्हणाला. "मी घेतला."

आणि त्यानं छाती टेकवली.

दवाखान्याच्या फाटकात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. जोखडातल्या माणसांकडं त्यांनी एकदा बघितलं. "बादल्या आणा," त्या आत वळून म्हणाल्या. गौरम्मा दोन्ही हातांत बादल्या घेऊन धावत आली. सासूकडं बघून तिनं मान हलवली. त्या मानेत हो नव्हतं, नाही नव्हतं, अजून आहे एवढंच होतं.

मग वाट बघणं. पायरीवर गुरम्मा. भिंतीला दोघं भाऊ, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. खाजामियाँ निघून गेला, बैलांजवळ बसायला. परत सांगावं लागलं नाही. सिद्रामप्पा गाडीच्या सावलीत बसले. सावली सरकत होती तसे तेही सरकत होते.

"अप्पा," शिवलिंग शेवटी म्हणाला, "उशीर झाला असंल तर..."

"झाला असंल तर झाला असंल."

"मला काहीतरी बोला."

"बस," सिद्रामप्पा म्हणाले. "आज सोमवार हाय. नुसता बस."

शिवलिंग बसला. मधली जागा ईश्वरप्पानं भरून काढली, सरकून. ऊन उतरायला लागलं तेव्हा गौरम्मा दारात आली. तिच्या लुगड्याला डाग होते.

"पोरगी," ती म्हणाली. "दोघी हायत. दोघी हायत, अव्वा."

गुरम्मा उठली आणि आत जाताना पायरीवर अडखळली. ईश्वरप्पानं तोंड फिरवलं. शिवलिंगनं दोन्ही तळहातांत तोंड लपवलं. आतून एक बारीक, चिडका आवाज आला, थांबला, परत आला. सिद्रामप्पांनी सकाळची अर्धी राहिलेली पूजा तिथंच, गाडीच्या सावलीत पुरी केली.

१९९४ साली शिवलिंगनं पाण्याचा टँकर घेतला. सोमवारी टँकर दारात उभा असतो.